गाण्याच्या तासाला गप्प उभं राहणारं मूल

दिवाळीची सुट्टी संपली आणि शाळांमध्ये स्नेहसंमेलनाची तयारी सुरू झाली, की लहान मुलांच्या पालकांचा एक प्रश्न माझ्याकडे हटकून येतो. बाकीची मुलं गातात, हातवारे करतात, आमचंच मूल ढिम्म उभं राहतं. त्याला गाण्याचं अंगच नाही का? की आणखी काही कमी आहे? याचं उत्तर एका मुलाच्या अनुभवातून देते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलाला आपण छोटू म्हणू.

छोटू साडेचार वर्षांचा, ज्युनिअर केजीतला. घरात आई, बाबा आणि आजी. गाण्याच्या तासाचा एक व्हिडिओ शाळेने पालकांच्या ग्रुपवर टाकला होता, तो आईने मला मोबाइलवर दाखवला. मुलांच्या तीन रांगा, खिडकीत ठेवलेला स्पीकर दणदणतोय, समोर टीचर हातवारे करून दाखवताहेत. दुसऱ्या रांगेच्या टोकाला छोटू. हात खाली सोडलेले, ओठ मिटलेले, नजर टीचरच्या तोंडावर खिळलेली. खाली टीचरचा निरोप होता, ‘घरी सराव करून घ्या.’

घरच्यांनी तो निरोप मनावर घेतला. रोज संध्याकाळी टीव्हीवर तेच गाणं लागू लागलं. पाहुणे आले की ‘चल, मावशीला म्हणून दाखव.’ छोटू सोफ्यामागे जाऊन बसायचा. मग शेजारच्या सोसायटीत की-बोर्डचा क्लास लावला. तिथेही तो की-बोर्डला हात लावेना. पुढे मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी पोट दुखायला लागलं. आईच्या लक्षात यायला वेळ लागला की गाण्याचा तास याच दोन दिवशी असतो.

मी आधी गाण्याबद्दल काहीच विचारलं नाही, कानाबद्दल विचारलं. सतत सर्दी असते का? टीव्हीचा आवाज वाढवायला सांगतो का? पाठमोरा असताना हळू हाक मारली तर वळतो का? या वयात सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठण्याचं प्रमाण बरंच असतं. कान दुखत नाही, ताप येत नाही, पण ऐकू येतं ते दबलेलं. आणि हा त्रास येतो-जातो, त्यामुळे घरच्यांना वाटतं की मूल मुद्दाम लक्ष देत नाही. छोटूला वारंवार सर्दी होत होती, म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. तपासणी व्यवस्थित निघाली. तरीही ती केली हे बरंच झालं. मूल गात नाही, बोलणं अस्पष्ट आहे, हाकेला उत्तर देत नाही, अशी तक्रार असेल तर पहिली पायरी कानाचीच असावी, असं माझं ठाम मत आहे.

दुसरा प्रश्न बोलण्याचा. काही मुलं घरी अखंड बडबडतात आणि शाळेत महिनाभराहून अधिक काळ एक शब्दही उच्चारत नाहीत. त्याला हट्ट समजू नये. तशा मुलाला तज्ज्ञांनी पाहायला हवं. छोटू मात्र डबा खाताना मित्रांशी गप्पा मारत होता, पाणी मागत होता. तिसरा प्रश्न आवाजाच्या त्रासाचा. मिक्सर, कुकरची शिट्टी, लग्नातला बँड यांनी मूल कान झाकून रडत असेल, शिवाय केस कापणं, कपड्यांची लेबलं हेही सहन होत नसेल, तर तो स्वतंत्र विषय आहे. छोटूला फटाके आवडत नव्हते, बाकी काही नव्हतं.

शाळेच्या परवानगीने मी एक तास मागे बसून पाहिला. तीसच्या वर मुलं, खोली लहान, स्पीकरच्या आवाजात मुलांना स्वतःचा आवाजही ऐकू येईना. ट्रॅक मोठ्यांना ठेका धरायला लावेल इतका जलद. एका ओळीचे शब्द तोंडात येईपर्यंत पुढची ओळ निघून जायची. त्यावर हातवारे वेगळे. छोटूने काय केलं? ऐकलं. पूर्ण वेळ, मान न वळवता. तास संपला, मुलं डब्याला बसली. डब्याचं झाकण उघडता उघडता तो शेवटची ओळ गुणगुणला, हळू आणि त्याच्या गतीने. स्वर सगळे जागेवर नव्हते, पण चालीचा चढ-उतार अचूक होता.

हे मी अनेक मुलांमध्ये पाहिलं आहे. तासाला टक लावून पाहणारं मूल त्या वेळी कामातच असतं. ते साठवत असतं, आणि परत देतं ते तासाभराने, आंघोळीच्या वेळी, झोपताना, बहुतेकदा कुणी पाहत नसताना. छोटूच्या आजीला मी विचारलं, घरी कधी काही गुणगुणतो का? ‘अगं बाई, बाथरूममध्ये तर सगळं म्हणतो,’ त्या म्हणाल्या. ‘पण आपण दाराशी गेलं की बंद.’ आईला हे माहीत नव्हतं, कारण त्या वेळी ती ऑफिसला निघण्याच्या गडबडीत असायची.

आता सुराबद्दल. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला शब्द आधी सापडतात, मग लय, चालीचा आकार त्यानंतर, आणि नेमका स्वर सर्वांत शेवटी. म्हणून या वयाच्या मुलाला ‘बेसूर’ म्हणणं चुकीचं तर आहेच, वर घातकही आहे. ‘मला गाता येत नाही’ असं सांगणाऱ्या कितीतरी मोठ्या माणसांना हे कुणीतरी लहानपणीच सांगितलेलं असतं. शिवाय पट्टीची, म्हणजे गाणं किती उंच किंवा खालच्या स्वरापासून धरायचं याची, गोष्ट कुणी लक्षात घेत नाही. लहान मुलांचा गळा सहज चालतो तो पेटीच्या मधल्या सप्तकात, साधारण पांढरी दोन ते पांढरी सहा, म्हणजे दुसऱ्या ते सहाव्या पांढऱ्या पट्टीपर्यंत, एवढ्याच टप्प्यात. बायकांचा गाण्याचा षड्ज, म्हणजे ‘सा’, बहुधा त्याखालच्या सप्तकातल्या काळी चार-पाचच्या आसपास असतो. मोठ्या माणसाने आपल्या सोयीच्या पट्टीत गाणं धरलं की मुलांना ते खाली पडतं. मग ती एकतर ओरडतात, नाहीतर गप्प राहतात. गळा मुलाचा नव्हे, पट्टी मोठ्यांची चुकलेली असते.

छोटूचे बाबा मोकळेपणाने म्हणाले, ‘मॅडम, संगीताने बुद्धी वाढते, गणित सुधारतं म्हणतात. म्हणून क्लास लावला.’ हा समज कुठून आला तेही मी त्यांना सांगितलं. 1993 मध्ये अमेरिकेत 36 कॉलेज विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्टची पियानोची रचना ऐकवली गेली. त्यानंतर आकृत्या मनात फिरवण्या-घडवण्याच्या प्रश्नांत त्यांना थोडे जास्त गुण मिळाले, आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटंच टिकला. लहान मुलं त्या प्रयोगात नव्हतीच. त्यावरून पुढे बाळांसाठी सीडी निघाल्या आणि पालकांच्या मनात धाकधूक शिरली. गाणं मुलाला द्यायचं ते गाणं म्हणूनच. ते ऐकणं, एकत्र म्हणणं, शरीर हलवणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, हे साडेचार वर्षांच्या मुलासाठी पुष्कळ आहे.

घरासाठी मी मोजकंच सांगितलं. ‘म्हणून दाखव’ हे शब्द घरातून हद्दपार. टीव्हीवरचं गाणं बंद. की-बोर्डचा क्लास तूर्त थांबवायचा. आईने आणि आजीने स्वतः गायचं, कुणाला ऐकवायला नव्हे, केस विंचरताना, कपड्यांच्या घड्या घालताना. आईला गायची लाज वाटत होती. ‘माझा आवाज चांगला नाही हो.’ मी म्हटलं, त्याला तुमचाच आवाज सगळ्यात आवडतो. ओळीचा शेवटचा शब्द मोकळा सोडायचा आणि थांबायचं. तो म्हणाला तर पुढे जायचं, नाही म्हणाला तर आपणच म्हणून पुढे जायचं. टाळ्या नाहीत, ‘शाब्बास’ नाही. आजींना भोंडल्याची गाणी आणि जात्यावरच्या ओव्या येत होत्या. संथ, दोन-तीन स्वरांत फिरणाऱ्या, पुन्हा पुन्हा त्याच वळणावर येणाऱ्या. लहान मुलाच्या गळ्याला याहून चांगलं काही मिळणं अवघड आहे.

टीचरशीही बोलले, आणि त्यांची बाजू मला पटली. मुख्याध्यापकांना कार्यक्रम हवा, पालकांना व्हिडिओ हवा, आणि वर्गात मदतीला एकच मावशी. दोष त्यांचा एकटीचा नव्हता. आपल्याकडे बालशिक्षणाचा पाया घालणारे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक लहानांच्या शाळेत बक्षीसही नको आणि शिक्षाही नको म्हणत. 2022 च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी सौंदर्यदृष्टी आणि सांस्कृतिक विकास हे स्वतंत्र क्षेत्र दिलं आहे. पण प्रत्यक्ष वर्गात संगीत म्हणजे संमेलनाची तालीम होऊन बसतं. याचा मला मनापासून राग येतो. आठवड्यातले दोनच तास, आणि तेही रांग सरळ करण्यात जातात.

आम्ही ठरवलं की तासाची पहिली दहा मिनिटं स्पीकर बंद. टीचरने स्वतःच्या आवाजात, थोड्या वरच्या पट्टीत, सावकाश गायचं. मुलांनी गोलात बसायचं. गायचं नसेल त्याने मांडीवर ठेका धरावा किंवा नुसतं ऐकावं, तेही चालेल असं सगळ्यांसमोर सांगायचं. टिपऱ्या, खुळखुळे आणि एक छोटी झांजांची जोडी मधोमध ठेवायची, ज्याला हवं ते त्याने घ्यायचं.

पहिले काही तास छोटूने काहीच घेतलं नाही. मग झांज घेतली आणि सोडेना. ओळ संपली की एकदाच वाजवायची, हे त्याने आपलं आपणच ठरवलं, आणि ते तो कधी चुकला नाही. मंगळवारचं पोटदुखणं थांबलं. संमेलनात तो गायला नाही. कडेला उभा राहून झांज वाजवली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण रात्री फोनवर तिने विचारलंच, ‘गायला मात्र नाही ना मॅडम?’ मी म्हटलं, नाही गायला, आणि आज गायलाच हवं होतं असंही नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिचा पुन्हा फोन आला. छोटू आता आजीबरोबर मोठ्याने म्हणतो, शाळेत मध्येच एखादी ओळ म्हणतो. आता क्लास परत लावू का? मी सांगितलं, इतक्यात नको. सहा-सात वर्षांचा झाला आणि त्याने स्वतः एखादं वाद्य मागितलं, तर जरूर लावा. आधी शिक्षकांना भेटा आणि त्यांच्या क्लासमध्ये तासभर बसून बघा. मूल चुकल्यावर ते काय बोलतात तेवढं नीट ऐका, आणि मग फी भरा.