फोल्डरातील फाइलींच्या नावांची यादी कमांड प्रॉम्प्टवरून काढून साठवायची कशी?

आपल्या विंडोज संगणकावर एका फोल्डरात शेकडो पीडीएफ आहेत, त्यांतील काहींची नावे मराठीत आहेत, आणि ही सगळी नावे हाताने न उतरवता एक्सेलमध्ये हवी आहेत, असा आपला प्रश्न आहे. त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर डाउनलोड करण्याची काहीच गरज नाही. विंडोजमध्ये मुळातच असलेली डीआयआर ही कमांड पुरेशी आहे. (कमांड येथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरे आणि अंक वापरावेत.)

प्रथम तो फोल्डर फाइल एक्स्प्लोररमध्ये उघडावा आणि वरच्या ॲड्रेस बारमध्ये सीएमडी असे टाइप करून एंटर दाबावे, म्हणजे कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी थेट त्याच फोल्डरात उघडते. विंडोज ११ मध्ये राइट क्लिक करून टर्मिनल उघडल्यास बहुधा पॉवरशेल (कमांड देण्याची विंडोजमधील दुसरी सोय) समोर येते, आणि तेथे डीआयआर हे एका निराळ्याच कमांडचे टोपणनाव असल्यामुळे खालील ओळ चालत नाही. अशा वेळी तेथेच सीएमडी टाइप करून एंटर दाबावे. त्यानंतर या दोन ओळी क्रमाने द्याव्यात:

सीएचसीपी ६५००१
डीआयआर *.पीडीएफ /बी /ओ:एन > ..\लिस्ट.टीएक्सटी

पहिली ओळ अनेकजण गाळतात, परंतु मराठी नावांसाठी तीच महत्त्वाची आहे. ६५००१ हा यूटीएफ-८ या संकेतनाचा, म्हणजे संगणकात अक्षरे अंकांच्या रूपात साठवण्याच्या पद्धतीचा, क्रमांक आहे. तो न दिल्यास कमांड प्रॉम्प्ट आपल्या जुन्या संकेतनात मजकूर लिहितो, ज्यात देवनागरीला जागाच नसते. परिणामी यादीत अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात, आणि मूळ अक्षरेच फाइलीत पोहोचलेली नसल्याने नंतर फाँट बदलूनही काही उपयोग होत नाही. हा क्रमांक दिल्यावरही खिडकीत मराठी नावे चौकटींसारखी दिसू शकतात. तिकडे दुर्लक्ष करावे; साठवलेली फाइल बरोबर असते.

दुसऱ्या ओळीतील /बी मुळे तारीख, आकार व बेरजा वगळून केवळ नावे मिळतात, तर /ओ:एन त्यांना नावानुसार लावतो. हा क्रम निव्वळ अक्षरांचा असल्यामुळे १ नंतर १० आणि मग २ येतो, एक्स्प्लोररमध्ये दिसतो तसा १, २, १० असा नव्हे. > हे चिन्ह पडद्यावर येणारा मजकूर फाइलीकडे वळवते, मात्र त्या नावाची फाइल आधीपासून असल्यास काहीही न विचारता तिच्यावर लिहिते. जुन्या यादीच्या शेवटी नवी नावे जोडायची असल्यास >> वापरावे. फाइलीच्या नावाआधीच्या दोन टिंबांमुळे यादी एक पायरी वरच्या फोल्डरात साठते. आपल्या बाबतीत हे अनिवार्य नाही, पण सवय म्हणून चांगले, कारण कमांड प्रॉम्प्ट आधी रिकामी फाइल तयार करतो आणि मग कमांड चालवतो. त्यामुळे सर्व प्रकारच्या फाइलींची यादी त्याच फोल्डरात काढली, तर त्या यादीत तिचे स्वतःचेही नाव येते.

पोटफोल्डरांतील फाइलीही हव्या असतील तर त्याच ओळीत > च्या आधी /एस घालावा. मग प्रत्येक नावासोबत ड्राइव्हपासूनचा पूर्ण पत्ता येतो.

तयार झालेली फाइल नोटपॅडमध्ये उघडून सर्व मजकूर कॉपी करावा आणि एक्सेलच्या पहिल्या चौकटीत पेस्ट करावा. प्रत्येक नाव आपोआप स्वतंत्र ओळीत बसते. फाइलीला सीएसव्ही असे नाव देऊन ती थेट एक्सेलमध्ये उघडण्याचा मोह टाळावा, कारण तसे केल्यास एक्सेल बरेचदा यूटीएफ-८ ओळखत नाही आणि मराठी अक्षरे पुन्हा बिघडलेली दिसतात.