अर्धी जीभ काढल्यावर बाबांना भजन म्हणता येईल का?

प्रश्न : बाबा ६१ वर्षांचे, जिभेच्या डाव्या कडेला कॅन्सर निघालाय. बांबोळीच्या डॉक्टरांनी सांगितलं की जवळजवळ अर्धी जीभ काढावी लागेल आणि डाव्या मनगटाजवळची कातडी लावून ती भरून काढू. हाताची कातडी तोंडात टिकते कशी? हाताचं काय? आणि बाबा गावच्या देवळात भजन म्हणतात, ते परत जमेल का?
– एक मुलगी, डिचोली

उत्तर : ताई, आधी भजनाचं सांगते. आवाज स्वरयंत्रातून येतो, त्याला सहसा हात लागत नाही, म्हणजे सूर राहतो, अडतात ते शब्द. प, ब, म ओठांचे, ते येतील, पण त, ल, र, स जड जातात आणि ट, ड, ण, ळ त्याहून, कारण त्यांना जिभेचा शेंडा वर वळवावा लागतो. उरलेली अर्धी जीभ मोकळी हलली तर बहुतेकांचं बोलणं समजतं. लावलेली कातडी स्वतः हलत नाही, चवही घेत नाही, पण ती जागा भरते आणि उरलेली जीभ खाली चिकटू देत नाही, हे फार मोठं काम आहे.

ती टिकते कारण नुसती कातडी नसते, सोबत तिच्या रक्तवाहिन्या काढून (अशा रक्तवाहिन्यांसकट काढलेल्या कातडीला फ्लॅप म्हणतात) मानेतल्या रक्तवाहिन्यांना मायक्रोस्कोपखाली केसापेक्षा बारीक धाग्याने जोडतात. १९८१ मध्ये चिनी सर्जननी ही पद्धत छापली, म्हणून हिला चायनीज फ्लॅपही म्हणतात. पहिले दोन-तीन दिवस नर्स रात्रभर सारखी येऊन फ्लॅपचा रंग बघेल, झोपमोड होते म्हणून तिला अडवू नका, जोडलेल्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी झालेली वेळेत कळली तर लगेच परत ऑपरेशन करून फ्लॅप वाचवता येतो.

हाताला रक्त देणाऱ्या दोन मोठ्या धमन्या असतात, त्यातली एक जाते. दुसरी पुरेशी आहे ना हे अ‍ॅलन टेस्टने (मनगटावर दोन्ही धमन्या दाबून, एक सोडून हाताचा रंग परत येतो का ते बघतात) आधी तपासतात. हाताची कातडी काढलेल्या जागी मांडीची कातडी लावतात, डाग राहतो. ऑपरेशन होईपर्यंत डाव्या हाताला रक्त काढायला किंवा सलाइनला सुई टोचू देऊ नका, वॉर्डात प्रत्येकाला सांगा. बाबा डावरे असतील तर डॉक्टरांना आजच सांगा.

ऑपरेशननंतर काही दिवस पोटात अन्न जायला नाकातून नळी असते, गळ्याला श्वासासाठी तात्पुरतं भोकही असू शकतं. मायेपोटी घाईने पेज पाजू नका, गिळणं तपासल्याशिवाय ती श्वासनळीत जाऊ शकते. रेडिएशन लागलं तर ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू करतात, त्यात जीभ आखडते, तेव्हाही जिभेचा व्यायाम सोडायचा नाही. तंबाखू असेल तर आजपासून बंद, आणि स्पीच थेरपिस्टची पहिली भेट ऑपरेशनच्या आधीच मागून घ्या, भजनाचं त्यांना आवर्जून सांगा.