मैत्रिणीचं कोडिंग जुळलं नाही, म्हणून प्रबंध बदलू का?

प्रश्न: मी समुपदेशन मानसशास्त्रात एमए करते आहे, शेवटचं वर्ष. शाळेतले समुपदेशक पालकांशी अवघड विषय कसे काढतात, यावर नऊ मुलाखती घेतल्या आहेत. पद्धत म्हणून सिनॉप्सिसमध्ये (प्रबंधाच्या आराखड्यात) ‘थीमॅटिक अॅनालिसिस’, म्हणजे मुलाखतींतले समान धागे (थीम) शोधणं, असं लिहिलं आहे. एका सीनियरने सांगितलं, दोघींनी वेगवेगळं कोडिंग करून, म्हणजे मुलाखतीतल्या उताऱ्यांना अर्थानुसार छोटी नावं (कोड) देऊन, कॅपा हा एकमताचा आकडा काढा, नाहीतर व्हायवात (तोंडी परीक्षेत) अडकशील. मैत्रिणीने दोन मुलाखतींचं कोडिंग केलं, ते माझ्याशी फारसं जुळलंच नाही. बाबा म्हणतात, अजून वेळ आहे, दोनशे जणांकडून गूगल फॉर्म भरून घे, आकड्यांना कोणी आव्हान देत नाही. काय करू?

उत्तर: मुलाखती टाकू नकोस. दोनशे फॉर्म भरून घेतलेस तर किती समुपदेशकांना अडचण येते ते कळेल. बोलता बोलता ती नेमकी कुठे येते हे कळणार नाही, आणि तुझा प्रश्न तोच आहे. शिवाय आकड्यांना आव्हान मिळत नाही, हे बाबांना कोणी सांगितलं? नमुना कसा निवडला, प्रश्नावली मराठीत तपासून घेतली होती का, हे विचारायला बाहेरचा परीक्षक टपूनच बसलेला असतो.

आता कॅपाचं. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला हा आकडा सांगतो, की दोघांच्या वर्गीकरणात योगायोगाचा भाग वगळून किती एकमत आहे. वर्ग आधी ठरलेले असतील, त्यांच्या व्याख्या लिहिलेल्या असतील आणि दोघांनी सराव केला असेल, तर तो कामाचा. मैत्रिणीच्या हातात असं कोडबुक होतं का? पत्रावरून तरी दिसत नाही. तिने तिच्या मनाने कोड दिले, तू तुझ्या. ते जुळले असते तरच मला नवल वाटलं असतं.

खरी अडचण तुझ्या सिनॉप्सिसमधल्या त्या दोन शब्दांत आहे. थीमॅटिक अॅनालिसिस हे एका पद्धतीचं नाव नाही, अख्खं कुटुंब आहे. व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांचा २००६ चा लेख जवळजवळ प्रत्येक प्रबंधात असतो. पण त्याच दोघींनी पुढे २०१९ मध्ये स्पष्ट केलं की त्यांच्या पद्धतीत संशोधकाची दृष्टी हेच साधन आहे, आणि दोन कोडरांचं एकमत मोजणं तिच्यात बसत नाही. एका पानावर त्यांचा दाखला आणि पुढच्याच पानावर कॅपा असेल, तर जाणकार परीक्षक तिथेच पकडेल. एकमतच हवं असेल, तर समुपदेशनाच्याच क्षेत्रातली क्लारा हिल आणि सहकाऱ्यांची १९९७ ची पद्धत आहे. तिच्यात गट असतो, प्रत्येक जण आधी स्वतंत्रपणे वाचतो, मग चर्चेतून सहमती होते आणि बाहेरचा लेखापरीक्षक ती तपासतो. पण त्याला वेळ देणारी माणसं लागतात. तू एकटी आहेस आणि मैत्रिणीलाही तिचा प्रबंध आहेच. माझं मत विचारशील तर पहिला, म्हणजे ब्राउन आणि क्लार्क यांचा, रस्ता धर आणि कॅपा सोडून दे.

म्हणजे मोकळं रान मिळालं असं नाही. लिंकन आणि गुबा यांनी १९८५ मध्ये गुणात्मक संशोधनासाठी जे निकष मांडले, त्यांत सातत्याचा अर्थ ‘दुसऱ्यालाही हेच उत्तर मिळेल’ असा नाही. संशोधनात काय बदललं, कधी आणि का, हे बाहेरच्या माणसाला मागोवा घेत पाहता आलं पाहिजे. चौथ्या मुलाखतीनंतर प्रश्न बदललास? हरकत नाही, नोंदवहीत तारखेसह लिही. दोन कोड एकत्र केलेस? कारण लिही. मैत्रिणीचं कोडिंगही फेकू नकोस. जिथे तुमचं जुळलं नाही त्या जागा काढ आणि तिला तिथे काय दिसलं ते विचार. विश्लेषणाला त्याचा आकड्यापेक्षा जास्त उपयोग होईल.

समुपदेशनाच्या विद्यार्थ्यांची एक खास खोड असते, तिच्याकडे जास्त लक्ष दे. तुम्हाला भावनांना शब्द द्यायला शिकवलेलं असतं. मुलाखतीत समोरच्या बाई म्हणतात, “पालक ऐकूनच घेत नाहीत हो.” तुम्ही सवयीने म्हणता, “म्हणजे तुम्हाला हतबल वाटतं.” त्या म्हणतात, “हो.” आणि प्रबंधात ‘हतबलता’ ही थीम येऊन बसते. ती कोणाची? सत्रात असं बोलणं कौशल्य ठरतं, संशोधनात तोच शब्द तोंडात घालणं होतं. नऊही ट्रान्सक्रिप्ट घे आणि प्रत्येक थीमचा मुख्य शब्द आधी कोणी उच्चारला ते रंगाने खूण करून बघ. तुझ्याच तोंडून आलेले शब्द निघतील. ते लपवू नकोस. त्या उताऱ्यांवरची थीम सौम्य कर, नाहीतर काढून टाक.

मुलाखती मराठीत असतील तर कोडिंगही मराठीतच कर, भाषांतर फक्त उद्धृतांचं. आणि निष्कर्ष सहभागींना पाठवून “छान लिहिलंय” असं उत्तर आलं, तर त्याला पडताळणी म्हणू नकोस. आपल्याकडे कोण कोणाला नाही म्हणतं! त्यापेक्षा नऊ जणींत जिला काहीच अडचण येत नाही अशी कोणी आहे का ते शोध आणि तिच्यावर दोन पानं खर्च कर.

‘नऊच का?’ हेही विचारतील. ‘बारा मुलाखती पुरतात’ असं उत्तर देऊ नकोस. तो आकडा गेस्ट आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या अभ्यासातून उचलला जातो. ते काम घाना आणि नायजेरियातल्या स्त्रियांच्या साठ मुलाखतींवरचं होतं आणि ‘बारा’ला त्यात अटी होत्या. तुझे नऊ लोक कोणत्या शाळांतले, किती अनुभवाचे, आणि त्यांच्यापलीकडे तू काय म्हणणार नाहीस, ते सांग.

बाबांच्या काळजीत तथ्य एवढंच, की संख्याशास्त्र टाळून चालणार नाही. मानसशास्त्राच्या नेट परीक्षेत ते आहे आणि पीएचडीतही लागेल. पण स्वयंसेवी संस्थांच्या कार्यक्रमांचं मूल्यमापन असो की कंपन्यांतलं यूजर रिसर्च, नीट मुलाखत घेऊन तिचा हिशेब देऊ शकणारी माणसं तिथे लागतात. नोकरीच्या मुलाखतीला जाताना त्या नोंदवहीची चार पानं, नावं-गावं काढून आणि गाईडना विचारून, सोबत ने.

या आठवड्यात गाईडना भेटून सिनॉप्सिसमधलं पद्धतीचं नाव पूर्ण, म्हणजे थीमॅटिक अॅनालिसिस कोणाच्या पद्धतीने ते सांगून, लिहून घे. बदलाला विभागाची मंजुरी लागत असेल, तर तो अर्ज आधी.