पहिला भाग वाचून लोक परत का जातात

शेरलॉक होम्सवर सहा भाग लिहिलेत, पहिला बरेच जण उघडतात, दुसऱ्याकडे कुणी फिरकत नाही, शुद्धलेखनही तपासून घेतलंय, मग चुकतंय कुठे, असं तुम्ही विचारलंय. सहाही भाग वाचले. शुद्धलेखन खरंच चांगलं आहे. मी बारा-तेरा वर्षं फॅनफिक, म्हणजे दुसऱ्याची पात्रं घेऊन चाहत्यांनी रचलेल्या कथा, लिहितेय, वाचतेय त्याच्याही आधीपासून, म्हणून जरा सविस्तर लिहिते. राग मानू नका.

दुखणं कथेच्या आधीच सुरू होतं. समरीत, म्हणजे कथेच्या वर दिसणाऱ्या दोन ओळींच्या ओळखीत, लिहिलंय, 'मला समरी जमत नाही, पहिलाच प्रयत्न आहे, सांभाळून घ्या.' पानावर बसवायचं आणि वर सांगायचं, भाजी बिघडलीय हं! त्याच दोन ओळींत खून कुणाचा आणि काळ कुठला एवढं सांगा, पुरे.

मग पहिली दोन पानं. होम्स कोण, वॉटसन अफगाणिस्तानातून जखमी होऊन कसा परतला, बेकर स्ट्रीटवर दोघं एकत्र का राहायला लागले, सगळी उजळणी. अहो, फॅनफिक उघडणाऱ्याला हे पाठच असतं. त्याला हवी असते मूळ कथांतली एखादी फट. कॉनन डॉयलने १८८७ च्या पहिल्या कादंबरीत वॉटसनच्या खांद्याला गोळी लागल्याचं लिहिलं आणि १८९० च्या दुसऱ्या कादंबरीत ती जखम पायावर नेली. तुमच्या तिसऱ्या भागात पावसाळी रात्री वॉटसनचा खांदा ठणकतो आणि होम्स वर न बघता म्हणतो, 'काल पाय दुखत होता ना?' मी मोठ्याने हसले. सहा भागांतली सगळ्यात चांगली ओळ ही, आणि तिथपर्यंत कुणी पोचतच नाहीये. कथा तिथूनच सुरू करा.

आता मुख्य गोष्ट, आवाज. वाचकाच्या कानात होम्स आधीपासून बोलत असतो. तुमचा होम्स वेगळा बोलला की तो उठून जातो. पहिल्या भागात वॉटसन त्याला 'तुम्ही' म्हणतो, दुसऱ्यात 'तू', चौथ्यात चक्क 'अहो होम्स'. इंग्रजीत 'यू'वर भागतं, मराठीत आपल्याला ठरवावंच लागतं. माझ्या कथांत मी दोघांना अरेतुरे करू देते, पण हाका आडनावानेच, कारण त्या काळचे इंग्रज पुरुष जिवलग मित्रालाही आडनावानेच हाक मारत. २०१० च्या बीबीसी मालिकेवर लिहीत असाल तर 'शेरलॉक' आणि 'जॉन' ठीक. तुमच्याकडे घोडागाडी आहे आणि 'जॉन'ही आहे. शिवाय 'अगदी सोपं आहे, माझ्या प्रिय वॉटसन' पाच वेळा आलंय. डॉयलच्या साठही कथा-कादंबऱ्यांत हे वाक्य या रूपात एकदाही नाही.

आवाजाइतकंच खटकतं ते हे:

'उंच गुप्तहेराने लष्करी डॉक्टरकडे पाहिलं. माजी सैनिक हसला.'

खोलीत माणसं किती? दोन. मी तीन मोजली. नाव परत आलं तर कंटाळवाणं होईल ही भीती सोडा, नावं वाचकाच्या डोळ्यांत खुपत नाहीत. आणि साठपैकी चार सोडल्या तर बाकी सगळ्या कथा वॉटसनच सांगतो. तुम्हीही त्यालाच सांगू द्या. 'होम्सने माझ्याकडे पाहिलं. मला हसू आलं.' झालं.

आता इरा. मुंबईहून आलेली सतरा वर्षांची मुलगी, होम्सच्या आधी खुनी ओळखते, व्हायोलिनही त्याच्यापेक्षा सरस वाजवते. १९७३ मध्ये पॉला स्मिथ यांनी एका फॅनझिनमध्ये, म्हणजे चाहत्यांच्या हौशी मासिकात, 'स्टार ट्रेक' या टीव्ही मालिकेवरच्या अशाच कथांची टर उडवली होती. त्यातल्या साडेपंधरा वर्षांच्या लेफ्टनंटचं नाव मेरी स्यू, तेच पुढे या प्रकाराला चिकटलं. मला स्वतःला हा शब्द फेकून मारणं आवडत नाही. कर्तबगार मुलगी दिसली की लगेच मेरी स्यू. मुलगा असता तर तोच नायक म्हणून खपला असता. इरा हुशार आहे याची अडचण नाहीच. तिला चमकवायला तुम्ही होम्स, वॉटसन, इन्स्पेक्टर लेस्ट्रेड सगळ्यांना ठोंबे करून टाकलंत, ही अडचण आहे. तिला ठेवा. रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला डॉक्टरकी शिकायला गेल्याच होत्या, तेव्हा तुमची इराही तशी विद्यार्थिनी असू शकते. मग वय दोन-चार वर्षांनी वाढवा, शवविच्छेदनातलं तिला होम्सपेक्षा जास्त कळू द्या, आणि एखादा निष्कर्ष साफ चुकू द्या.

बाकी किरकोळ. संवादाच्या मध्येच कंसात '(इथे मला रडू आलं, लेखिका)' नको. बोलणारा बदलला की नवा परिच्छेद. मोबाइलवर ती अख्ख्या पानाची भिंत वाचवत नाही. पाचव्या भागात वॉटसन मरतो, कथेला लावलेल्या टॅगमध्ये, म्हणजे लेबलमध्ये, मात्र 'हलकीफुलकी' आहे. त्यावर लोक खरोखर चिडतात. आणि 'दहा कॉमेंट आल्याशिवाय पुढचा भाग नाही' ही ओळ आजच काढा. वाचकांना वेठीला धरलं की ते दुसरी कथा उघडतात, तिथे कथांना तोटा नाही.

हो, एक राहिलंच. चौथ्या भागात होम्स पाइपची तंबाखू चांदीच्या डबीतून काढतो. तो ती पर्शियन सपातेच्या टोकात ठेवायचा. हे कुणीतरी सांगणारच होतं, म्हटलं मीच सांगते.