अर्धा गुडघा बदलल्यावर इम्प्लांट बिघडण्याचा धोका नेमका कोणाला जास्त असतो?

आपल्या आईचे वय ६३, वजन ८६ किलो, मधुमेह दहा वर्षांपासून. डॉक्टरांनी गुडघ्याची फक्त आतली बाजू बदलण्याचा सल्ला दिला आहे आणि 'एवढ्या वजनाला तो सांधा टिकत नाही' असे एका नातेवाइकाने सांगितल्यामुळे आपण धास्तावला आहात, असे आपल्या प्रश्नावरून दिसते. मी अस्थिरोग शल्यचिकित्सक आहे आणि पूर्ण व अर्धा अशा दोन्ही प्रकारच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया करतो. आपल्या आईला मी तपासलेले नाही, त्यामुळे हे उत्तर सर्वसाधारण समजावे.

वजनाची ही भीती हवेतून आलेली नाही. १९८९ साली कोझिन आणि स्कॉट या दोन अमेरिकी शल्यचिकित्सकांनी अर्ध्या गुडघ्यासाठी जे निकष मांडले, त्यांत रुग्णाचे वय ६० च्या वर आणि वजन ८२ किलोच्या आत असावे असे म्हटले होते, आणि पुढे कित्येक वर्षे ते निकष जवळजवळ नियमासारखे पाळले गेले. नंतर ऑक्सफर्डच्या शल्यचिकित्सकांच्या गटाने आपल्याच १,००० शस्त्रक्रियांचा पाठपुरावा करून २०११ मध्ये दाखवले की, सरकत्या चकतीच्या इम्प्लांटमध्ये (ज्यात धातूच्या दोन भागांमधली प्लास्टिकची चकती हलती असते) निव्वळ वजन वा वय या कारणाने नाकारण्याजोग्या रुग्णांचे निकाल इतरांपेक्षा वाईट नव्हते. तरुण रुग्णांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण जास्त दिसते, हे मात्र सांधेबदल शस्त्रक्रियांच्या देशोदेशीच्या नोंदवह्यांतून वारंवार आढळले आहे. आपल्या आईच्या बाबतीत तो मुद्दा गैरलागू आहे.

माझ्या मते सर्वांत मोठा धोका रुग्णाची निवड चुकण्यात असतो, आणि ती चूक बहुधा लोकांच्या अपेक्षेच्या नेमकी उलट दिशेने होते. झीज थोडीच आहे, तेव्हा छोटे ऑपरेशन लवकर उरकून घ्यावे, असे घरच्यांना वाटते. परंतु जिथे कूर्चा (हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) पूर्ण झिजून हाडाला हाड लागलेले नसते, अशा गुडघ्यांत शस्त्रक्रियेनंतरही दुखणे राहण्याचे आणि पुन्हा ऑपरेशन करावे लागण्याचे प्रमाण जास्त असते, कारण दुखण्याचे मूळ तिथे नसतेच. ए.सी.एल. हे आतले लिगामेंट निकामी असेल, आमवातासारखा संपूर्ण सांध्याला ग्रासणारा आजार असेल, किंवा बाहेरच्या बाजूचा कूर्चाही झिजलेला असेल, तर अर्धा गुडघा बदलू नये. हे पाहण्यासाठी उभ्याने काढलेला साधा एक्स-रे पुरेसा नसतो. रुग्णाला झोपवून, गुडघा साधारण २० अंशांत वाकवून, पाय बाहेरच्या दिशेने दाबून धरायचा आणि त्या स्थितीत एक्स-रे काढायचा. तेव्हा आतली मिटलेली फट उघडते, पायाचा बाक सुटतो की नाही ते कळते आणि बाहेरच्या बाजूची फट शाबूत आहे का तेही दिसते. आईचा असा एक्स-रे काढला आहे का, एवढे जरूर विचारावे.

दुसरा मोठा घटक ऑपरेशन करणाऱ्याचा हात. ब्रिटनच्या राष्ट्रीय नोंदवहीतील सुमारे ४२ हजार शस्त्रक्रियांच्या अभ्यासात असे दिसले की, ज्या शल्यचिकित्सकाच्या एकूण गुडघा बदलण्याच्या कामात अर्ध्या गुडघ्यांचा वाटा निदान २० टक्के असतो, त्याचे निकाल चांगले राहतात, आणि वर्षातून एखाददुसरे करणाऱ्यांचे इम्प्लांट अधिक वेळा काढावे लागतात. कारण उघड आहे. पूर्ण गुडघ्यात पाय सरळ करण्याची सवय लागलेला हात इथेही जाड चकती घालून पाय पुरता सरळ करू पाहतो. मग सगळा भार बाहेरच्या बाजूवर जातो आणि पाच-सात वर्षांत तीच बाजू झिजते. म्हणून बाक किंचित शिल्लक ठेवणे हेच योग्य असते, जरी नंतर 'डॉक्टर, पाय सरळ झालाच नाही' अशी तक्रार ऐकावी लागली तरी. नडगीच्या हाडावर करवत प्रमाणाबाहेर खोल गेली, किंवा मोजमापाचे साधन बसवण्यासाठी पिनांची छिद्रे जास्त पडली, तर पहिल्या काही आठवड्यांत ते हाड मोडू शकते. लहान चणीच्या आणि हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांत ही भीती अधिक.

आपल्याकडे एक प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो, तो जमिनीवर बसण्याचा. सरकत्या चकतीच्या इम्प्लांटमध्ये खोल वाकवताना चकती जागेवरून निसटण्याची शक्यता असते, आणि जिथे खाली बसण्याची रीत आहे अशा आशियाई देशांतील अहवालांत हे अधिक दिसले आहे. माझ्या एका रुग्णाची चकती पूजेच्या पाटावरून उठताना निसटली. खट असा आवाज झाला आणि गुडघा तिथेच अडकला. स्थिर चकतीत हे घडत नाही, पण तिची झीज लक्षात घ्यावी लागते. आई रोज मांडी घालून बसत असतील किंवा घरी भारतीय बैठकीचे शौचालय असेल, तर हे आधीच सांगावे.

मधुमेहाचा संबंध मुख्यतः जंतुसंसर्गाशी आहे. एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ८ च्या खाली आल्याशिवाय तारीख घेऊ नये असा बहुतेक जण आग्रह धरतात; तंबाखू वा मशेरी असेल तर ती किमान महिनाभर आधी बंद हवी; दातांतला पू, पायांच्या बोटांतल्या चिखल्या, लघवीचा संसर्ग हे आधी निस्तरावे.

आणखी एक धोका असा की, इम्प्लांट न बिघडताच काढले जाते. सिमेंट लावलेल्या नडगीकडच्या भागाखाली एक्स-रेवर पुष्कळदा मिलिमीटरभर बारीक, काठ स्पष्ट असलेली काळी रेघ दिसते आणि अहवालात 'इम्प्लांट ढिले' असे लिहून येते. वर्षभरापूर्वी अशीच एक बाई दुसरे ऑपरेशन ठरवून माझ्याकडे आली होती. मी जुने एक्स-रे शेजारी लावले, रेघ दोन वर्षांत तसूभरही वाढली नव्हती, आणि दुखत होते ते खुब्यातून. ब्रिटनच्या आकडेवारीत अर्धे गुडघे पूर्ण गुडघ्यांच्या सुमारे दुपटीने पुन्हा उघडले जातात. त्यामागे हेही एक कारण आहे, कारण अर्ध्याचा पूर्ण करणे तुलनेने सोपे असल्याने निर्णय चटकन घेतला जातो. म्हणून शस्त्रक्रियेनंतरचा पहिला एक्स-रे घरी जपून ठेवावा, आणि रेघ वाढत असेल, दुखणे नव्याने सुरू झाले असेल किंवा गुडघा गरम होऊन सुजला असेल, तर तो घेऊनच डॉक्टरांकडे जावे.