चार राज्यांतून वाहणाऱ्या कृष्णेच्या पाण्याचं नियोजन राज्यांनी मिळून करणं खरंच शक्य आहे का?

शक्य आहे. याच खोऱ्यात एका धरणावर ते १९५३ पासून चालू आहे, त्याबद्दल पुढे लिहितो. लवाद झाले, निवाडे झाले, तरी भांडण का मिटत नाही, असंही तुम्ही विचारलंय. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातला. राजापूरच्या बंधाऱ्यापलीकडे आमची कृष्णा कर्नाटकात जाते, त्यामुळे या प्रश्नाकडे मी लांबून बघू शकत नाही. माझं मत असं की आपण पाण्याची वाटणी केली, कारभार मात्र ज्याचा त्याचाच ठेवला. भावाभावांत रान वाटलं तरी विहीर सामाईक असते, आणि पाळीसाठी बोलावंच लागतं.

१९६९ साली कृष्णेच्या पाण्याचा तंटा सोडवायला बचावत लवाद नेमला गेला. शंभरातल्या पंचाहत्तर वर्षी तरी हमखास मिळेल असं २०६० टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) पाणी धरून त्याने १९७३ साली महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि तेव्हाच्या आंध्राला ८०० टीएमसी दिलं. हे आकडे आपल्याकडे बऱ्याच जणांना पाठ असतात. पण त्याच लवादाने दोन योजना मांडल्या होत्या. ‘अ’ म्हणजे नुसती वाटणी. ‘ब’ योजनेत कृष्णा खोरे प्राधिकरण होतं: दुष्काळी वर्षी तूट सगळ्यांनी ठरलेल्या प्रमाणात सोसायची, चांगल्या वर्षी जादा पाणीही तसंच वाटून घ्यायचं. असं प्राधिकरण उभं राहायला राज्यांची संमती हवी होती, नाहीतर संसदेचा कायदा. दोन्ही झालं नाही, आणि १९७६ च्या अंतिम आदेशात फक्त ‘अ’ उरली. माझ्या मते या खोऱ्याची सगळ्यात मोठी संधी तिथेच गेली. नदी मंडळं स्थापन करण्याचा कायदाही १९५६ पासून पुस्तकात आहे, पण त्याखाली देशात एकही मंडळ झालेलं नाही.

नंतरचं थोडक्यात सांगतो. २००४ साली दुसरा, ब्रिजेश कुमार लवाद आला. त्याचा २०१० चा निवाडा सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणामुळे राजपत्रात आलाच नाही. २०१४ साली तेलंगणा वेगळं झाल्यावर कृष्णा नदी व्यवस्थापन मंडळ झालं, पण ते आंध्र आणि तेलंगणापुरतं. वरची दोन राज्यं त्यात नाहीत. म्हणजे नदीचा अर्धाच भाग एका टेबलावर.

आता ते धरण. कर्नाटकात होस्पेटजवळ कृष्णेच्या उपनदीवर, तुंगभद्रेवर, ते आहे आणि त्याचे कालवे कर्नाटक आणि आंध्र दोन्हीकडे जातात. आंध्र राज्य झालं तेव्हा, १९५३ साली, तिथे तुंगभद्रा मंडळ स्थापन झालं. अध्यक्ष केंद्राने नेमलेला, सदस्य राज्यांचे. दरवर्षी हंगामाच्या तोंडाला किती पाणी येईल याचा अंदाज बांधतात, त्यावर प्रत्येकाचा हिस्सा ठरतो आणि पाऊस जसा पडेल तसा अंदाज सुधारत जातात. धरणात इतका गाळ साठलाय की मूळची सुमारे १३३ टीएमसी क्षमता आता १०५ च्या आसपास आलीय. ती तूटही दोन्हीकडे प्रमाणातच वाटली जाते. तक्रारी तिथेही आहेत, शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नाही हे दुखणं तिथेही आहे. तरीही आज किती पाणी आलं आणि किती सोडलं यावर दोन राज्यांचे अभियंते एकाच कागदावर असतात.

दुसरं उदाहरण चेन्नईचं. १९७६ साली महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्राने आपापल्या वाट्यातून प्रत्येकी ५ टीएमसी पाणी त्या शहराला पिण्यासाठी द्यायचं कबूल केलं, तेही तमिळनाडू कृष्णेच्या खोऱ्यात नसताना. प्रत्यक्ष पाणी पोचायला १९९६ उजाडलं, पण भांडणाऱ्या तीन राज्यांनी चौथ्याला पाणी दिलं हे विसरू नये.

आमच्याकडे हा प्रश्न पुराच्या रूपाने येतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ आहे. कोयना, वारणा, राधानगरीतून विसर्ग सुरू होता आणि सगळ्यांचे डोळे खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाकडे होते. तिथून किती सोडायचं हे मंत्र्यांच्या फोनाफोनीवर ठरत होतं. अलमट्टीच्या फुगवट्यामुळे, म्हणजे धरणामागे तुंबलेल्या पाण्यामुळे, पूर आला की नाही यावर तज्ज्ञ भांडत राहतील, पुराची कारणं तपासायला राज्याने नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला दोष दिला नाही, आणि आमच्याकडे ते अनेकांना पटलेलं नाही. मला त्याहून मोठी गोष्ट ही वाटते की पाणी गळ्याशी आल्यावर कुणी कुणाला फोन करायचा हे ठरलेलं नसावं. २०२१ च्या जूनमध्ये आपले तेव्हाचे जलसंपदामंत्री जयंत पाटील बंगळुरूला जाऊन कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पांना भेटले, तेव्हा माहितीची देवाणघेवाण हाच विषय होता. योग्यच झालं. पण हे मंत्र्यांच्या भेटीवर अवलंबून राहू नये. जून ते ऑक्टोबर सगळ्या धरणांची पातळी आणि विसर्ग दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांना, आणि नदीकाठच्या लोकांनाही, तासातासाला एकाच ठिकाणी दिसायला हवा.

आणि हिशेब आपलाही उघडा हवा. कोयनेचं वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी वीज करून पश्चिमेला, खोऱ्याबाहेर सोडण्याची मुभा आपल्याला आहे. खालच्या राज्यांना ते सलतं. फक्त अलमट्टीची उंची वाढवण्याच्या कर्नाटकाच्या बेतावर बोलून सहकार्य मागता येणार नाही.

सुरुवात कुठून करावी म्हणाल तर उन्हाळ्यापासून. एप्रिल-मेमध्ये उत्तर कर्नाटकातली नदी आटते, मग कोयना-वारणेतून पाणी सोडा अशी विनंती येते. तिकडे आपल्या सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याच्या पूर्वेकडची गावं तहानलेली असतात, आणि कर्नाटकाच्या तुबची-बबलेश्वर उपसा सिंचन योजनेचं पाणी त्यांच्यापासून फार लांब नाही. तुम्ही जतला द्या, आम्ही नदीत सोडतो, ही अदलाबदल बरीच वर्षं चर्चेत आहे. तिला लवाद लागत नाही, नवं धरण लागत नाही. दोन जलसंपदा खात्यांचा लेखी करार आणि सीमेवर दोघांनी मिळून बसवलेलं मोजमाप एवढं पुरेल.