अ‍ॅरेच्या अलीकडचं घर

प्रश्न : सी भाषेत दहा इंटचा (पूर्णांकांचा) अ‍ॅरे उलटा वाचताना मी पॉइंटर (घटकाचा मेमरीतला पत्ता) एकेक घर मागे आणते, तो पहिल्या घटकाच्याही अलीकडे गेला की लूप थांबतो. जीसीसी कंपायलरवर उत्तर बरोबर येतं, तरी सरांनी ‘अनडिफाइंड बिहेवियर’ (काय घडेल याची भाषा हमी देत नाही) म्हणून गुण कापले. त्या जागेतलं मी वाचतसुद्धा नाही!
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : गुण कापणं जरा कडकच, पण सर बरोबर आहेत. सीच्या नियमानुसार पॉइंटर अ‍ॅरेच्या आत किंवा शेवटच्या घटकाच्या लगेच पुढे असू शकतो. पुढे एक घर चालतं, मागे एकही नाही. वाचणं दूरच, नुसती वजाबाकी केली तरी नियम मोडला.

पक्षपात वाटतो ना? इंटेलचा जुना ८०८६ प्रोसेसर आठवा. अ‍ॅरे सेगमेंटच्या (मेमरीच्या तुकड्याच्या) शून्य ऑफसेटला, म्हणजे अगदी सुरुवातीला असेल, तर दोन बाइट (तिथला एक इंट) मागे जाताच ऑफसेट फिरून होतो ६५५३४. म्हणजे ‘सुरुवातीपेक्षा मोठा’, आणि लूप थांबतच नाही! पुढच्या बाजूला मात्र एक बाइट राखला की भागतं.

आज धोका कंपायलरकडून आहे. असा नियमभंग घडणारच नाही, असं तो धरून चालतो. पॉइंटरमध्ये लांबी मिळवून ‘बेरीज मूळ पॉइंटरपेक्षा लहान आली का’ अशी ओव्हरफ्लोची (मर्यादा ओलांडून आकडा फिरल्याची) तपासणी लिहिलीत, तर जीसीसी ती बिनदिक्कत उडवू शकतो.

तुमचा लूप शेवटच्या पुढच्या घरापासून सुरू करा. पॉइंटर सुरुवातीपेक्षा मोठा असेपर्यंत आधी एक कमी करा, मग वाचा. मी स्वतः इथे इंडेक्सच (घटकाचा क्रमांक) वापरतो. फक्त तो अनसाइन्ड (कधीच ऋण न होणारा) ठेवून ‘शून्य किंवा जास्त’ अशी अट घालू नका. ती कायमच खरी असते.